मोठी पट्टी

उद्यमनगरात लेथच्या दुकानावर माझा माळा आहे.
तिथं मी लाकडाचे पॅटर्न करतो. सागवान, कधी पाइन.
भिंतीला दोन पट्ट्या टांगलेल्या.
एक सगळ्या जगाची.
दुसरी थोडी खोटी,
मीटरमागं दहा मिलिमीटर लांब,
कारण बीड ओतलं की निवतं, आणि निवताना आकसतं.
इलाही मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी बजावलेलं,
"पट्ट्या मिसळशील तर हात तोडीन.
तापलेल्याचं माप वेगळं असतंय, पोरा."

वैजू लिंझला आहे. ऑस्ट्रियात.
तेही पोलादाचंच गाव म्हणे,
पण कपडे वाळत घातले तर काळे होत नाहीत.
इथून सहा हजार चारशे किलोमीटर,
म्हणजे सुताची दोरी ताणून मारली तर.
लहानपणी फळीवर सूत मारताना
दुसरं टोक तीच धरायची, अंगठ्यानं दाबून,
डोळे गच्च मिटून,
दोरी सुटताना निळी पावडर उडायची म्हणून.

माणूस सुतावरून जात नाही.
रात्री साडेनऊला ताराराणी चौकातून ट्रॅव्हल्स,
पहाटे कळंबोली, टॅक्सी, विमानतळाचं बाकडं,
मग दोहा. तिथं चार तास नुसतं काचेपलीकडं बघायचं.
मग व्हिएन्ना, मग आगगाडी.
दारापासून दारापर्यंत तीस तास.
वैजू म्हणते, "साडेसव्वीसच हो पप्पा,
साडेतीन तास घड्याळ परत देतं."
थंडीत एक तास आणखी देतं म्हणे.
तिच्या पायांची सूज मात्र तीस तासांची होती,
फोनवर दाखवली तिनं, हसत.

माझ्या पॅटर्नवर शिरोलीत ओतलेलं
पंपाचं एक केसिंग गेल्या साली तिकडंच गेलं.
छत्तीस दिवस बोटीत.
मी तिला नंबर कळवला होता, केसिंगवर उठवलेला.
काय वेडेपणा. ती काय गावभर पंप उघडून बघणार?

एका दुपारी लाईट गेलेली. काम बंद.
प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीनं हिशेब मांडला.
सहा हजार चारशेला शेकडा एक,
चौसष्ट.
निवताना एवढं आकसेल, एवढं जादा धरायला पाहिजे.
घरी जाऊन हिला सांगितलं.
ही कांदा-लसूण चटणीची पाकिटं मेणबत्तीवर चिकटवत होती,
वैजूला पाठवायची.
वर न बघता म्हणाली,
"चौसष्ट म्हणजे गडहिंग्लज की."

गडहिंग्लज हिचं माहेर.
लग्न झाल्यावर दीड वर्ष ही तिकडं गेली नव्हती.
रस्ता होता. अर्ध्या अर्ध्या तासाला एस.टी. होती.
दोन तासांची वाट.
जा, असं मी म्हटलं नव्हतं,
आणि जाऊ का, असं तिनं एकदाच विचारलेलं,
तेव्हा मी बहुतेक रंधा मारत होतो.
ते तीस तासांत धरायचं की दोन?
कुठल्या पट्टीनं?

मेणबत्तीचा वास घरभर.
ही पाकिटं मोजत होती, सात, आठ,
एक फुटलं ते तिनं बाजूला ठेवलं, आपल्याला.

रविवारी आम्ही गेलो.
आता तिथं हिची आई नाही, भाऊ आहे, आणि एक चिंच.
कागल सुटलं, निपाणी आली,
पाट्या कानडीत झाल्या, चहा तोच.
ही खिडकीला. सगळ्या वाटेत दोनदा बोलली,
एकदा चिल्लर मागायला.
वैजूचा फोन आला. "कुठं आहात?"
हिनं माझ्या हातातून फोन घेतला.
"माझ्या घरी चाललोय," म्हणाली.
वैजू काहीतरी म्हणाली,
पण संकेश्वरच्या अलीकडं रेंज गेली,
आणि ही बराच वेळ
फोन तसाच कानाला धरून बसली,
अंगठा दाबून.